डिकीचे अडलेले कुलूप

आज मी तुमच्याशी एका क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूविषयी बोलणार आहे. ती म्हणजे मोटारीच्या डिकीचे कुलूप. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, "प्राध्यापकमहाशय, आमच्या दारात बैलगाडी होती ती गेली, आता मोटारसायकल आहे. मोटारीच्या कुलपाशी आमचा काय संबंध?" संबंध आहे. आज गावोगावी जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या मोटारी आल्या आहेत. आजाऱ्याला तालुक्याला न्यायला, लेकीला माहेरी आणायला, भाजी बाजारात पोचवायला त्या उपयोगी पडतात. आणि जुनी गाडी अडते ती बहुधा इंजिनापाशी नव्हे, तर अशाच एखाद्या लहान जागी.

मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. यंत्रशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. पण मी भिवंडीचा रहिवासी आहे, आणि भिवंडीकराला यंत्राशी काही देणेघेणे नाही असे म्हणता येत नाही. आमची सकाळ यंत्रमागांच्या खडखडाटाने उजाडते. शिवाय कुलपाचा धडा मी पुस्तकात वाचलेला नाही. तो मला रस्त्यावर, भर पावसात मिळाला. तीच हकिकत आधी सांगतो.

चौदा-पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावण महिना होता. माझी आत्या वाड्याला राहते. तिला भेटायला आम्ही सासऱ्यांकडून मिळालेली जुनी मोटार घेऊन गेलो होतो. दुपारी आत्येभावाने कौतुकाने वाड्याच्या कोलम तांदळाचे पोते डिकीत घातले. जागा थोडी, पोते मोठे. दोघांनी मिळून झाकण दाबले तेव्हा कुठे डिकी लागली. संध्याकाळी आत्याला दम्याचा झटका आला. नेहमीच्या औषधाने उतार पडेना. तिला तशीच गाडीत घातली आणि भिवंडीच्या वाटेला लागलो.

कुडूस मागे पडले, आणि अंबाडीच्या अलीकडे मागचे चाक बसले. पाऊस धो धो. स्टेपनी डिकीत, जॅक डिकीत, चाकाचा पाना डिकीत. मी किल्ली घातली. ती आत गेली, पण फिरेना. मागच्या बाकावरून आत्याच्या श्वासाचा आवाज मला बाहेर ऐकू येत होता. माझे भान सुटले. पुढच्या कप्प्यात पक्कड होती. ती काढली, किल्लीला लावली आणि जोर केला. "कट्" असा आवाज झाला. मला वाटले, उघडले! पाहतो तर पकडीत अर्धी किल्ली, आणि अर्धी कुलपात.

पुढे दुधाच्या टेंपोवाल्याने आत्याला आणि माझ्या पत्नीला भिवंडीला पोचवले. आत्या वाचली. आजही ती ही गोष्ट चारचौघांत माझी टिंगल करीत सांगते. पण त्या रात्री गाडीपाशी एकटा उभा असताना मला जे वाटले ते मी विसरलेलो नाही. दोष गाडीचा नव्हता. ते कुलूप दोन पावसाळे मी पाहिलेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी आमच्या शेजारच्या कारखान्यातले एक वयस्क जॉबर माझ्याबरोबर अंबाडीला आले. मागांची दुरुस्ती करण्यात त्यांचा जन्म गेला होता. सारी आळी त्यांना चाचा म्हणे. त्यांनी येताना फार हत्यारे आणली नव्हती. एक बारीक करवतीची पाती, तेलाची छोटी कुपी, टॉर्च, आणि माझ्या कपाटातून मागून घेतलेली गाडीची दुसरी किल्ली. त्यांनी आधी कुलपाला हातही लावला नाही. झाकणावर तळहात ठेवून ते जरासे खाली दाबून पाहिले, सोडले, पुन्हा दाबले. मग मला विचारले, "सर, आत काय भरलंय?"

"तांदळाचं पोतं."

"मग कुलूप बिचारं काय करील? पोतं झाकणाला वर ढकलतंय आणि सगळा भार खटक्यावर आलाय."

त्यांनी तुटलेला तुकडा काढला, कसा ते पुढे सांगेन. मग दुसरी किल्ली घातली आणि मला म्हणाले, "आता झाकणावर दोन्ही हातांनी भार द्या." मी भार दिला. त्यांनी दोन बोटांनी किल्ली फिरवली. डिकी उघडली. आदल्या रात्री माझ्या दोन्ही हातांचा जोर किल्लीवर होता. तो झाकणावर असायला हवा होता!

श्रोते हो, आजच्या भाषणाचे सार एवढेच आहे. कुलूप अडले की आधी ते कुठे अडले आहे ते शोधावे, जोर मागाहून करावा. पण कुठे अडले हे कळायला आत काय असते ते ठाऊक हवे.

"डिकी" हा शब्द कुठून आला, तेही जाता जाता सांगतो. पूर्वी दोन माणसांच्या छोट्या मोटारींना मागच्या बाजूला एक झाकण असे. ते उघडले की उघड्यावरची जादा बैठक तयार होई. तिला इंग्रज लोक "डिकी सीट" म्हणत. बैठक गेली, तिथे सामान आले, पण नाव आपल्याकडे टिकले. अमेरिकेत याच जागेला "ट्रंक" म्हणतात, कारण सुरुवातीच्या मोटारींच्या मागे खरोखरीची ट्रंक पट्ट्यांनी बांधीत असत.

आपल्या भागात जुनी गाडी म्हटली की अनेकांच्या डोळ्यांपुढे फियाट उभी राहते. सोलापूरला जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट गाड्या तयार होत. त्यातलीच एक १९७४ पासून "प्रीमियर पद्मिनी" या नावाने ओळखली जाऊ लागली. तिचे उत्पादन २००० सालाच्या सुमारास थांबले. मुंबईत या जातीची शेवटची टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी तारदेवच्या कार्यालयात नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर ती काळी-पिवळी फियाट मुंबईच्या रस्त्यांवरून गेली. पश्चिम बंगालमधल्या उत्तरपाड्याला बनणारी अँबेसेडर त्याआधीच, २०१४ साली बंद झाली होती. कारखाने थांबले तरी खाजगी गाड्या अजून कुणाकुणाच्या अंगणात आहेत. त्यांचे सुटे भाग सहजी मिळत नाहीत. म्हणून अशा गाडीचे कुलूप फोडून नवे बसवू म्हणणे सोपे नाही. आहे ते जपण्यातच शहाणपण आहे.

आता कुलपाच्या आत डोकावू या. आपल्या जुन्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असे. भिंतीतल्या भोकातून लाकडी दांडा ओढला की दार बंद. दांडा भिंतीत सरकवला की दार मोकळे. मोटारीच्या कुलपात असेच पाच-सहा अगदी छोटे अडसर असतात. कुलपाचा मधला गोल भाग, ज्यात आपण किल्ली घालतो, तो फिरता असतो. त्याला आपण गाभा म्हणू. गाभ्याभोवती जे न फिरणारे नळकांडे असते त्याला कवच म्हणू. गाभ्यात पितळेच्या पातळ पट्ट्या आडव्या बसवलेल्या असतात. प्रत्येक पट्टीला मधोमध एक खिडकी असते, आणि प्रत्येकीला एक केसासारखी बारीक स्प्रिंग. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंगा या पट्ट्यांना बाहेर ढकलतात. त्यांची टोके कवचाच्या खाचेत अडकतात आणि गाभा फिरत नाही. हेच आपले अडसर.

किल्ली आत घातली की ती सर्व खिडक्यांतून जाते. किल्लीचे दाते प्रत्येक पट्टीला नेमकी हवी तेवढीच सरकवतात. सगळ्या पट्ट्या गाभ्याच्या आत आल्या की गाभा मोकळा होतो आणि फिरतो. सहापैकी पाच पट्ट्या बरोबर बसल्या आणि एक केसभर बाहेर राहिली, तरी कुलूप उघडणार नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. प्राचीन इजिप्तमध्ये लाकडी खुंट्यांची कुलपे याच तत्त्वावर चालत. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या येल पितापुत्रांनी तिला आजच्यासारखे छोटे, धातूचे रूप दिले. आपल्या मुंबईत अर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली कुलपांचा कारखाना सुरू केला.

गाभा फिरला म्हणजे डिकी उघडली असे मात्र नाही. गाभ्याच्या मागच्या टोकाला एक शेपटी असते. काही गाड्यांत ती सरळ खटक्यात बसते, काहींत मध्ये एक लोखंडी दांडी असते. खटक्यात एक आकडा असतो. तो गाडीच्या अंगाला बसवलेल्या कडीला धरून ठेवतो. गाभा फिरला की शेपटी फिरते, खटका सरकतो, आकडा कडी सोडतो. मग रबराच्या पट्टीपासून झाकण सुटते आणि बिजागऱ्यांवर वर येते. एवढी मोठी साखळी! त्यातली कोणतीही एक कडी अडली तरी आपण म्हणतो, "कुलूप बिघडलं."

म्हणून आजाऱ्याला वैद्य विचारतो तसे कुलपाला चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न: किल्ली पूर्ण आत जाते का? जात नसेल तर भोकात घाण आहे, किंवा पट्टी वाकली आहे, किंवा एखादा तुकडा अडकला आहे. आमच्याकडे कोकणपट्टीची दमट हवा, रस्त्याची धूळ आणि त्यात मागांवरून उडणारे सुताचे बारीक तंतू. कुलपात कुणी भरपूर तेल ओतले असेल तर हे तंतू त्या तेलाला चिकटतात आणि आत वातीसारखा लगदा तयार होतो. यावर उपाय म्हणजे सायकलच्या पंपाने भोकात हवा मारावी. मग गंज सोडवणारा जो फवारा डब्यात मिळतो त्याचा एक झोत द्यावा, किंवा रॉकेलचे चार थेंब सोडावेत आणि पंधरा-वीस मिनिटे स्वस्थ बसावे. हे स्वस्थ बसणेच आपल्याला सर्वांत कठीण जाते! त्यानंतर किल्ली न फिरवता आतबाहेर करावी. प्रत्येक वेळी ती फडक्याला पुसावी. फडके काळे होत जाईल, मग हळूहळू स्वच्छ निघेल. ते स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे.

दुसरा प्रश्न: किल्ली आत जाते पण फिरत नाही, असे आहे का? मग दोन शक्यता. एक, पट्ट्या चिकटल्या आहेत किंवा किल्ली झिजली आहे. दुसरी, कुलूप ठीक आहे, पण खटक्यावर ताण आहे. दुसरी शक्यता आधी तपासावी, कारण तिला काही खर्च नाही. एकाने झाकणावर दोन्ही तळहातांनी भार द्यावा. दुसऱ्याने किल्ली हलक्या हाताने फिरवावी. मग भार थोडा डावीकडे, थोडा उजवीकडे देऊन पाहावे. डिकीत सामान कोंबलेले असेल, गाडीला मागून धक्का बसून झाकण वाकले असेल, किंवा रबराची नवी जाड पट्टी बसवली असेल, तर बहुधा इथेच काम होते.

नाही झाले, तर किल्ली आत असतानाच तिच्या डोक्यावर पेचकसच्या लाकडी मुठीने हलके टिचके मारावेत. चिकटलेल्या पट्ट्या हादऱ्याने जागच्या सुटतात. मारायचे म्हणजे दार वाजवतो तसे, खिळा ठोकतो तसे नव्हे. आणि दुसरी किल्ली जरूर वापरून पाहावी. रोजच्या वापरातली किल्ली पितळेची असेल तर दरवर्षी थोडी झिजते. झिजलेल्या किल्लीवरून दुसरी करून घेतली तर झीजही तिच्यात उतरते, आणि दुसरीवरून तिसरी केली तर चूक आणखी वाढते. शाळेत एकाच्या वहीवरून दुसऱ्याने आणि त्याच्या वहीवरून तिसऱ्याने उतरवून घेतले की काय होते ते शिक्षकांना सांगायला नको. म्हणून नक्कल करायची ती नेहमी कपाटात राहिलेल्या, कमी वापरलेल्या किल्लीवरूनच करावी.

तिसरा प्रश्न: किल्ली फिरते, पण अगदी मोकळी, काहीच न अडखळता फिरते का? मग आतली दांडी सुटली आहे किंवा शेपटी तुटली आहे. विहिरीत रहाट फिरतो आहे, पण दोराला घागरच नाही, तसा हा प्रकार. इथे तेल, रॉकेल, हादरे कशाचाच उपयोग नाही. आत शिरायला हवे. मागच्या बाकाची गादी उचलून काढावी. पाठीचा भाग बहुधा खालच्या बाजूला स्क्रूंनी किंवा आकड्यांनी धरलेला असतो, तो सोडवावा. काही गाड्यांत त्यामागे पुठ्ठा असतो. मग हात डिकीत जातो. टॉर्च धरून खटका शोधावा आणि लांब पेचकसने त्याचा दांडा सरकवावा. काही गाड्यांत मात्र मागे सलग पत्रा असतो. तिथे हा मार्ग बंद. तिथे किल्लीवाल्याला किंवा मिस्त्रीला बोलवावे हेच बरे.

चौथा प्रश्न: किल्ली फिरते, खटक्याचा आवाजही येतो, तरी झाकण उठत नाही का? मग कुलूप निर्दोष आहे. उन्हाने रबर पाघळून रंगाला चिकटले असेल, किंवा बिजागऱ्या गंजल्या असतील. एकाने किल्ली फिरवून धरावी, दुसऱ्याने झाकणाच्या कडा तळहाताने थोपटत वर उचलाव्यात. फटीत पेचकस घालू नये. रंग जातो, पत्रा वाकतो, आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच जागेतून पाणी आत येते. ज्या गाड्यांत ड्रायव्हरच्या बाकाशेजारी खटका ओढण्याची मूठ असते तिथे तारही पाहावी. वर्षांनुवर्षांच्या ओढीने तार सैल होते आणि आकडा अर्धाच सुटतो. एकाने मूठ ओढून धरली आणि दुसऱ्याने झाकण उचलले की काम भागते. तार मग लवकर बदलून घ्यावी.

आता तुटलेल्या किल्लीचे सांगतो. तुकडा आत राहिला की लोक त्यामागे उरलेली किल्ली खुपसतात. त्याने तो आणखी आत जातो. चाचांनी काय केले? आधी टॉर्च लावून गाभा सरळ आहे ना ते पाहिले, म्हणजे किल्ली ज्या स्थितीत आतबाहेर करता येते त्याच स्थितीत आहे ना. तो किंचित फिरलेला होता. बारीक पेचकसने त्यांनी तो जागेवर आणला. तेलाचा एक थेंब सोडला. मग हस्तकलेच्या तासाला मुले प्लायवूड कापायला वापरतात तसली बारीक दाताची पाती, दाते बाहेरच्या दिशेला करून, तुकड्याच्या कडेने आत सरकवली. दाते तुकड्यात रुतले, आणि पाती ओढताच तुकडा एक-दोन रेघा बाहेर आला. तिसऱ्या-चौथ्या ओढीला चिमट्यात सापडला.

आणि किल्ली तुटली कशी? तेही समजून घ्यावे. बोटांच्या चिमटीत धरलेल्या किल्लीवर आपल्याला फार जोर करता येत नाही, आणि ते आपल्या हिताचेच आहे. पक्कड लावली म्हणजे लांब तरफ मिळाली. हाताची ताकद कितीतरी पटीने वाढली, पण किल्लीचे पितळ होते तेवढेच राहिले. मग सर्वांत कमकुवत जागी ते तुटणार नाही तर काय होणार? म्हणून नियमच करावा, की किल्लीला पक्कड कधी लावायची नाही. दुसरा नियम, डिकीपाशी काडी, मेणबत्ती, वेल्डिंगची ज्योत आणायची नाही. अनेक जुन्या गाड्यांत पेट्रोलची टाकी डिकीच्या खाली किंवा शेजारीच असते. कुलूप ड्रिलने पोखरण्याची वेळ आलीच तर तेही जाणत्या माणसाच्या हातूनच व्हावे.

डिकी उघडली! आता बहुतेक लोक एक चूक करतात. आनंदाने झाकण पुन्हा लावून पाहतात, आणि ते पुन्हा अडकते. तसे करू नका. झाकण उघडेच ठेवा. पेचकसच्या दांड्याने आकडा दाबून खटका बंद करा, जणू कडीच आत आली आहे. मग किल्ली फिरवून तो सुटतो का पाहा. असे दहा वेळा करा. दहाही वेळा सुटला तरच झाकण लावा. सुटला नाही, तर खटका रॉकेलने धुवा, जुन्या दात घासायच्या ब्रशने घासा, कोरडा करा आणि त्याला थोडे ग्रीस लावा. दांडीची पिन ढिली असेल तर बदला. कडी सरकलेली वाटली तर तिचे बोल्ट सैल करण्याआधी तिच्याभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा. म्हणजे मूळची जागा हरवणार नाही.

खटक्याला ग्रीस चालते, पण गाभ्याला नव्हे. तिथे धूळ धरणारे काही नको. गाभा साफ होऊन कोरडा झाला की किल्लीवर मऊ शिसपेन्सिल भरपूर घासावी आणि किल्ली आतबाहेर करावी. शिसपेन्सिलीत शिसे नसते, ग्रॅफाइट असते. त्याचे थर पत्त्यांच्या कॅटप्रमाणे एकमेकांवरून घसरतात, म्हणून ते कोरडे वंगण होते. एक लक्षात ठेवा, ग्रॅफाइट आणि तेल एकत्र करू नये, त्यांचा काळा चिखल होतो. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीत एकदा, एवढी सेवा पुरे. तहान लागल्यावर विहीर खणण्यापेक्षा हे स्वस्त पडते.

मी त्या दिवसापासून आणखी दोन गोष्टी केल्या. जॅक आणि चाकाचा पाना डिकीतून काढून पुढच्या बाकाखाली ठेवला. आणि खटक्याच्या दांड्याला एक मजबूत दोरी बांधून ती मागच्या बाकाच्या पाठीमागे आणून ठेवली. उद्या कुलूप पुन्हा रुसले तरी दोरी ओढली की डिकी उघडते.

या दोरीचा विचार मनात आला की एक गंभीर गोष्ट आठवते. अमेरिकेत १९९८ च्या एका उन्हाळ्यात अकरा लहान मुले मोटारींच्या डिकीत अडकून मरण पावली. खेळता खेळता आत शिरली, झाकण पडले, आतून उघडता येईना. उन्हात उभ्या गाडीची डिकी भट्टीसारखी तापते. त्यानंतर त्या देशात नियम झाला, आणि १ सप्टेंबर २००१ पासून बनणाऱ्या मोटारींच्या डिकीत अंधारातही दिसेल अशी, आतून उघडायची मूठ सक्तीची झाली. आपल्या अंगणातल्या जुन्या गाडीत अशी मूठ नाही. आणि आपल्या मुलांना लपंडाव काही कमी आवडत नाही!

म्हणून कुलूप मोडले की डिकी सुतळीने बांधून गाडी महिनोन्महिने अंगणात ठेवू नका. सुतळी मुलांना सुटते. कुलूप दुरुस्त करा, डिकी बंद ठेवा आणि किल्ली मुलांच्या हाताला लागणार नाही अशी टांगा. आणि परमेश्वर न करो, पण मूल आत अडकल्याची शंका जरी आली, तर मी आतापर्यंत सांगितलेले सगळे सबुरीचे उपाय विसरा. तिथे पंधरा मिनिटे थांबायचे नाही. किल्ली लागली नाही तर काच फोडा, बाक उपटा, पहारीने झाकण उचकटा, आणि एकाने तेवढ्यात ११२ क्रमांकावर फोन लावा. पत्रा पुन्हा मिळतो.

शेवटी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. भंगारवाल्याकडून मोटारीचे एखादे जुने कुलूप आणा आणि वर्गात मुलांसमोर उघडा. स्प्रिंगा, पट्ट्या, गाभा, दांडी, आकडा, सगळे टेबलावर मांडा. स्प्रिंग, तरफ, घर्षण हे शब्द मुले पाठ करतात. इथे ती त्यांच्या बोटांना लागतील. मग एक पट्टी मुद्दाम उलटी बसवा आणि मुलांना सांगा, "कुलूप का उघडत नाही, शोधा." जो मुलगा आधी जोर करील त्याला रागावू नका. त्याला एवढेच विचारा, "कुठं अडलंय?"

चाचा आज हयात नाहीत. माझी ती गाडीही पुढे एका हौशी माणसाला दिली. पण तुटलेल्या किल्लीचे ते डोके मी टेबलाच्या खणात जपून ठेवले आहे. विद्यार्थ्याला एखादे गणित सुटत नसले आणि माझा आवाज चढू लागला, की मी खण उघडून त्याकडे पाहतो. मग विद्यार्थ्याला विचारतो, "बरं, कुठं अडलंय तुझं?"